अनोळखी फाइल: पुराव्याचे ओझे कोणावर?



आजचा विषय दिसायला लहान आहे. संगणकावर एखादी अनोळखी प्रोग्राम फाइल आली, तर ती चालवण्यात धोका आहे की नाही हे कसे ठरवायचे? सिल्व्हासातल्या टोकरखाड्यात हा विषय मांडण्याला कारण आहे. सिल्व्हासा ही कारखान्यांची वस्ती आहे. पिपरिया, मसाट, खडोली, आमली इथल्या लहानमोठ्या कारखान्यांत मशीन बसवायला आलेला माणूस पेनड्राइव्हवरून सॉफ्टवेअर टाकून जातो. बारकोड प्रिंटर बदलला की नवा ड्रायव्हर लागतो. हिशेबनीस जीएसटीचे विवरणपत्र भरायला बसतो, डिजिटल सहीचा, म्हणजे डीएससीचा, डोंगल चालत नाही, मग तो त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवर शोधतो. समोर दहा ठिकाणे येतात आणि त्यांतली काही मूळ कंपनीची नसतात. प्रत्येक वेळी पडद्यावर एक खिडकी उघडते, इंग्रजीत काहीतरी विचारते, आणि कामाच्या घाईत माणूस ‘येस’ दाबतो. माझे म्हणणे असे आहे की या क्षणी आपण चुकीचा प्रश्न विचारत असतो. ‘ही फाइल सुरक्षित आहे का?’ या प्रश्नाला सर्व फाइलींच्या बाबतीत खात्रीचे उत्तर देणारे यंत्र नाही आणि असूही शकत नाही. विचारायला हवे ते हे की, ही फाइल विश्वासास पात्र असल्याचा कोणता पुरावा माझ्यासमोर आहे? फौजदारी खटल्यात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो आणि ते योग्यच आहे. फाइलला तो फायदा मिळता कामा नये. पुराव्याचे ओझे फाइलवर आहे. पुरावा नसेल तर ती चालवायची नाही.

हे कोणाला अतिशयोक्त वाटेल, म्हणून गणितापासून सुरुवात करतो. १९३६ साली ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने सिद्ध केले की कोणताही प्रोग्राम हाती दिला असता तो केव्हातरी थांबेल की चालतच राहील, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच यांत्रिक रीत असू शकत नाही. आज आपण ज्याला संगणक म्हणतो ते यंत्र तेव्हा बनलेही नव्हते. १९८४ मध्ये फ्रेड कोहेन या अमेरिकन संशोधकाने हाच विचार व्हायरसला लावला. त्याची मांडणी गणित न शिकलेल्यालाही कळते. समजा, कोणताही प्रोग्राम पाहून ‘हा पसरणारा आहे’ किंवा ‘हा निरुपद्रवी आहे’ असे कधीही न चुकता सांगणारा तपासनीस आपल्याकडे आहे. आता असा एक प्रोग्राम लिहा, जो सुरू होताच त्या तपासनिसालाच स्वतःविषयी विचारतो. तपासनीस ‘पसरणारा’ म्हणाला, तर तो काहीच करत नाही. ‘निरुपद्रवी’ म्हणाला, तर तो पसरतो. तपासनीस काहीही बोलला तरी खोटा पडतो. म्हणजे असा न चुकणारा तपासनीस असूच शकत नाही. उद्या कितीही वेगवान संगणक आला किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता कितीही पुढे गेली तरी या निकालात फरक पडणार नाही, कारण तो यंत्राच्या ताकदीविषयी नाहीच. यातून कोणतीच वाईट फाइल ओळखता येत नाही असे निघत नाही. पुष्कळ ओळखता येतात. सगळ्या, बिनचूक, ओळखता येत नाहीत, इतकेच. आणि आपल्या टेबलावरची फाइल ओळखता येणाऱ्यांतली आहे की न येणाऱ्यांतली, हे आधी समजायला मार्ग नाही.

मग अँटीव्हायरस नेमके काय करतो? याचे उत्तर पुण्यात एक मराठी उद्योग कसा उभा राहिला त्यात आहे. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर शालेय शिक्षणानंतर पुण्यात कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करत. १९९३ मध्ये त्यांनी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू केली. दुरुस्तीला येणारे संगणक व्हायरसने बिघडलेले असत. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा लिहायला घेतला. मायकेलअँजेलो हा त्या काळातला गाजलेला व्हायरस. ६ मार्चला तो जागा होई आणि डिस्कवरच्या माहितीवर निरर्थक अक्षरे लिहून टाकी. १९९५ मध्ये ‘क्विक हील’ हे नाव घेऊन डॉसवर चालणारे त्यांचे उत्पादन बाजारात आले. पुढे कंपनीनेही तेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिची शेअर बाजारात नोंदणी झाली. या कहाणीचे कौतुक मला आहेच, पण इथे ती सांगितली ती तिच्यातल्या क्रमासाठी. बिघडलेला संगणक आधी आला, त्यातला नमुना हाती लागला, त्याची ओळखखूण नोंदवली गेली आणि मगच तो इतर संगणकांवर पकडता येऊ लागला. नंतरच्या काळात फाइलचे वागणे पाहणाऱ्या पद्धती आल्या, तरी मूळ क्रम पुरता बदललेला नाही. म्हणून अँटीव्हायरस ‘काही सापडले नाही’ असे सांगतो, तेव्हा त्याच्या बोलण्याचा अर्थ ‘माझ्या माहितीत हिच्याविरुद्ध काही नाही’ एवढाच घ्यायचा. फाइल आजच सकाळी तयार झालेली असेल, तर तिच्याविरुद्ध कोणाच्याच दप्तरी काही नसणार.

दुसरी साक्ष सहीची. इथे श्रोत्यांत जे हिशेबनीस किंवा उद्योजक असतील, त्यांना डिजिटल सहीची ओळख आहे. तुम्ही डीएससी लावून विवरणपत्र दाखल करता, तेव्हा त्यावरून दोन गोष्टी सिद्ध होतात: सही कोणाच्या प्रमाणपत्राने झाली आणि सहीनंतर कागदात फेरफार झालेला नाही. आतले आकडे खरे आहेत, हे त्या सहीने सिद्ध होत नाही. प्रोग्राम फाइलवरची सही त्याच तंत्राची असते आणि तिची मर्यादाही तीच. विंडोजमध्ये फाइलवर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडले की, फाइलवर सही असल्यास, सहीचा रकाना दिसतो. तिथे कंपनीचे नाव आहे का, ते आपण ज्यांचे सॉफ्टवेअर समजतो त्यांचेच आहे का, आणि सही ग्राह्य असल्याचे विंडोज म्हणते का, हे पाहायला अर्धे मिनिट पुरते. पण सहीच चोरीची असू शकते. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या किड्याच्या, म्हणजे आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलींवर रिअलटेक आणि जेमायक्रॉन या तैवानी कंपन्यांच्या प्रमाणपत्रांनी केलेल्या सह्या होत्या. सीमेन्सची नियंत्रणप्रणाली असलेल्या यंत्रांसाठी तो बनवला होता, तो पेनड्राइव्हवरून पसरे, आणि इराण व इंडोनेशियाबरोबर भारतातलेही पुष्कळ संगणक त्याने बाधित झाले होते. मशीनवाल्याच्या पेनड्राइव्हवर ज्या गावाचे उत्पादन चालते, त्या गावाने हे उदाहरण परदेशातले म्हणून सोडून देऊ नये.

तिसरी साक्ष हॅशची. शा-२५६ ही गणिती प्रक्रिया कोणत्याही फाइलमधून ६४ अक्षर-अंकांची एक खूण काढते. फाइलमधला एक बिट बदलला तरी खूण पूर्ण वेगळी येते. ती काढायला विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ ही आज्ञा आधीपासून असते, काही विकत घ्यावे लागत नाही. निर्मात्याने जाहीर केलेली खूण आणि आपण काढलेली खूण जुळली, तर त्याने ठेवलेलीच फाइल आपल्याकडे आली आहे, वाटेत बदललेली नाही, हे कळते. पण खूण आणि फाइल एकाच पानावर ठेवलेली असतील आणि ते पानच कोणी काबीज केले असेल, तर दोन्ही एकदमच बदलली जातील. हा नुसता तर्क नाही. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या प्रतिष्ठित प्रणालीच्या संकेतस्थळात शिरून हल्लेखोरांनी डाउनलोडचा दुवा स्वतःच्या चोरवाट ठेवलेल्या फाइलीकडे वळवला होता. म्हणून खूण शक्यतो दुसऱ्या मार्गाने मिळालेली हवी.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. ‘आम्ही मूळ कंपनीच्याच संकेतस्थळावरून घेतो, मग आणखी काय करायचे?’ हा नियम चांगलाच आहे. बहुतेक अपघात त्याने टळतात. पण तो पुरा पडत नाही. संगणकातला कचरा साफ करणारे सीक्लीनर हे सॉफ्टवेअर आपल्याकडेही घरोघरी वापरले जाते. ऑगस्ट २०१७ मध्ये आलेल्या त्याच्या एका आवृत्तीत कंपनीच्या नकळत दुष्ट भाग घुसवला गेला. संकेतस्थळ खरे होते आणि सहीही खरी होती. सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर ती आवृत्ती पोहोचल्यावर सप्टेंबरमध्ये हा प्रकार जाहीर झाला. यातला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. तो दुष्ट भाग सुरू झाल्यावर ६०१ सेकंद, म्हणजे दहा मिनिटांहून थोडे जास्त, गप्प बसे. संशयित फाइल बंदिस्त वातावरणात चालवून ती काय करते हे पाहण्याची सँडबॉक्स नावाची पद्धत आहे, आणि अशा तपासण्या बहुधा काही मिनिटांत आटोपतात. तेवढा वेळ सभ्य राहायचे, हे फाइलीतच लिहून ठेवलेले होते. सँडबॉक्सची साक्ष ‘इतक्या मिनिटांत हिने काही केले नाही’ इतकीच असते.

त्याच वर्षीचे दुसरे उदाहरण दूर सुरू होऊन आपल्या दाराशी पोहोचलेले आहे. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचे हिशेबाचे आणि करभरणीचे सॉफ्टवेअर होते. तिथल्या व्यापारात त्याचे स्थान साधारण आपल्याकडच्या टॅलीसारखे. हल्लेखोर त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरले आणि त्यांनी अपडेटमध्येच चोरवाट ठेवली. २७ जून २०१७ रोजी त्या वाटेने नॉटपेट्या हा विध्वंसक प्रोग्राम सोडला गेला. ज्यांनी अपडेट घेतले त्यांनी कोणताही नियम मोडला नव्हता. उलट अपडेट वेळेवर घ्या, हा सगळ्यांनी दिलेला सल्ला त्यांनी पाळला होता. जहाजवाहतुकीतील मर्स्क या डॅनिश समूहाच्या जाळ्यात तो शिरला आणि त्या समूहाकडून चालवले जाणारे, उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातले गेटवे टर्मिनल्स इंडिया हे कंटेनर टर्मिनल ठप्प झाले. वापी-सिल्व्हासा पट्ट्यातला मालही याच बंदरातून परदेशी जातो. त्या बंदरात कोणी संशयास्पद फाइल उघडली म्हणून हे झाले नाही. फाइल हजारो मैलांवर चालली होती. मर्स्कच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितले की ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभारावे लागले. कंपनीने नुकसानीचा अंदाज २० ते ३० कोटी डॉलर दिला होता. तिच्या जाळ्याची कळ असलेल्या सर्व्हरची एकमेव शाबूत प्रत घानामधल्या कार्यालयात सापडली, कारण हल्ल्याच्या आधी तिथली वीज गेलेली होती आणि तो सर्व्हर जाळ्यापासून तुटलेला होता. जाळ्यापासून अलग ठेवलेली प्रत किती मोलाची असते, हे सांगायला याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

इथे कोणी म्हणेल, अँटीव्हायरस चुकतो, सही चोरीला जाते, संकेतस्थळ काबीज होते, सँडबॉक्स फसतो, तर मग तपासायचे तरी कशाला? हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो फार नुकसान करतो. मी दिलेली बहुतेक उदाहरणे जगातल्या सर्वांत तयारीच्या हल्लेखोरांची आहेत. रोजच्या फसवणुकीत एवढी मेहनत कोणी घेत नाही. मे २००० मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ हा किडा प्रेमपत्राच्या मजकूर-फाइलीसारखा दिसे, कारण विंडोज फाइलच्या नावाचे शेवटचे शेपूट लपवते आणि त्या शेपटातच तो प्रोग्राम असल्याचे लिहिलेले होते. ते शेपूट दाखवण्याची सोय विंडोजमध्ये आहे. ती चालू करायला एक मिनिट लागते, तरी आजही असंख्य कार्यालयांत ती बंदच असते. मे २०१६ मध्ये मंत्रालयातील संगणकांवर लॉकी या खंडणीखोर प्रोग्रामने हल्ला केला. वृत्तपत्रांनी सुमारे १५० संगणकांचा आकडा दिला होता. लॉकीचा नेहमीचा मार्ग ईमेलला जोडलेल्या बिलासारख्या दिसणाऱ्या कागदाचा होता. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सॲपवर लग्नाचे निमंत्रण आले. ते चित्र नव्हते, पीडीएफ नव्हते. एपीके, म्हणजे मोबाइलचा प्रोग्राम होता. त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. लग्नपत्रिकेला प्रोग्राम असण्याचे कारण काय, एवढा एक प्रश्न विचारला गेला असता तर कोणत्याही तंत्रज्ञानाची गरज पडली नसती. माझा आग्रह याच प्रश्नाचा आहे. प्रत्येक तपासणी वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. एकीचे उत्तर दुसरीच्या जागी वापरले की घात होतो. पण फाइलीची गरज, तिचा उगम, सही, खूण आणि अँटीव्हायरसचे मत हे सगळे एकाच दिशेने बोलत असेल, तर उरलेला संशय बहुतेक कामांना परवडण्याइतका लहान होतो. आणि यांतले एकही पुढे यायला तयार नसेल, तर निर्णय झालेलाच आहे.

उलट बाजूने होणारा अन्यायही सांगायला हवा. व्हायरसटोटल ही सेवा २००४ मध्ये स्पेनमध्ये सुरू झाली आणि २०१२ मध्ये गूगलने ती घेतली. तिथे एक फाइल सुमारे सत्तर अँटीव्हायरसांना एकदम दाखवता येते. सत्तरांतल्या एका-दोघांनी लाल खूण दिली की पुष्कळ जण फाइल दोषी ठरवतात. हे बरोबर नाही. एप्रिल २०१० मध्ये मॅकॲफीच्या एका अद्ययावत यादीने विंडोज एक्सपीची स्वतःची आवश्यक फाइलच व्हायरस ठरवली आणि कार्यालयेच्या कार्यालये बंद पडली. एखाद्या गावातल्या तरुणाने मराठी टंकलेखनाचे किंवा दुकानाच्या बिलाचे प्रामाणिक साधन लिहिले, तर त्यावर विकत घेतलेली सही नसते, ते फार लोकांनी उतरवलेले नसते, आणि म्हणून विंडोज त्याला अडवते. अशा वेळी लिहिणाऱ्याला विचारावे, त्याच्याकडून खूण मागवावी, लाल खुणा देणारे कोण आहेत ते पाहावे. मी ओझे फाइलीवर टाका म्हणतो, तेव्हा तिला ते उचलण्याची संधीही द्या, असेच म्हणतो. आणखी एक सावधगिरी: व्हायरसटोटलवर चढवलेली फाइल जगभरच्या सुरक्षा कंपन्यांना आणि शुल्क भरणाऱ्या सदस्यांना मिळू शकते. तेव्हा ग्राहकांच्या याद्या किंवा पगारपत्रके असलेल्या फाइली तिथे चढवू नयेत. आधी फक्त हॅश टाकून शोधावे. फाइल पूर्वी कोणी तपासली असेल तर निकाल तेवढ्यावरच मिळतो.

एका प्रकाराबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही. तो म्हणजे चोरीच्या सॉफ्टवेअरबरोबर येणारे, परवाना चुकवणारे ‘क्रॅक’ आणि ‘कीजेन’. त्यांच्या सूचनापत्रात बहुधा पहिलीच ओळ असते: अँटीव्हायरस बंद करा. सही नाही, उगम माहीत नाही, निर्माता लपलेला, आणि जो एक साक्षीदार आहे त्याला आधी बाहेर काढायचे. परवडत नाही म्हणून क्रॅक वापरतो, असे लहान उद्योजक सांगतात, आणि त्यांची अडचण खरी आहे. पण लिबरऑफिससारखी मोफत आणि कायदेशीर साधने उपलब्ध असताना, ज्या संगणकावर बँकेचे व्यवहार आणि डीएससी आहे त्यावर क्रॅक चालवणे हे बचतीचे काम नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे, आणि तो मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. तुटपुंज्या पगारावर राबणाऱ्या संगणकचालकाने हे सगळे केव्हा करायचे? मालक घाई करतो, ट्रक गेटवर उभा असतो. उत्तर असे की हे त्याच्यावर टाकूच नये. रोजच्या वापराच्या खात्याला नवा प्रोग्राम बसवण्याचा अधिकारच नसावा. तो अधिकार कारखान्यातल्या एका नेमलेल्या माणसाकडे असावा, आणि त्याने काय, कोठून आणि का बसवले याची वही ठेवावी. महत्त्वाच्या माहितीची एक प्रत संगणकापासून सोडवून कपाटात असावी. ही कल्पना सरकारी पातळीवरही मान्य झालेली आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले, त्याबरोबर सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे ‘ॲपसंविद’ हे साधन मोफत दिले गेले. आधी परवानगी दिलेले प्रोग्रामच चालू द्यायचे, बाकी सगळे अडवायचे, हे त्याचे तत्त्व. पुराव्याचे ओझे फाइलवर टाकणे, हे तंत्राच्या भाषेत असे दिसते.

माझी विनंती इथल्या उद्योजकांच्या संघटनांना आणि शिक्षणसंस्थांना आहे. प्रत्येक लहान कारखान्याला तज्ज्ञ ठेवणे जमणार नाही, पण औद्योगिक वसाहतींना मिळून एक तपासणीचे टेबल जमेल: जाळ्यापासून अलग असलेला एक संगणक, संगणकशास्त्राचे दोन विद्यार्थी, त्यांच्यावर एक जाणता माणूस, आणि मराठी, गुजराती व हिंदीत लिहिलेले एक पानाचे उत्तर. सुरुवात डीएससी डोंगलचे ड्रायव्हर, बारकोड प्रिंटरचे ड्रायव्हर आणि टॅलीची ॲड-ऑन यांच्यापासून करावी, आणि तपासलेल्या फाइलींच्या खुणांची यादी वसाहतीतल्या प्रत्येक कार्यालयात लावावी. तोवर ज्यांच्या खात्यातून पैसे गेले असतील त्यांनी एक तासही न दवडता १९३० हा सायबर फसवणुकीसाठीचा मदत क्रमांक फिरवावा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते.